यांच्या नाकाला मास्क बसेपर्यंत

आमचे हे घोरायचे याचा मला कधीच त्रास झाला नाही. घोरणं थांबलं की मात्र माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

कारण घोरणं थांबायचं तेव्हा श्वासही थांबलेला असायचा. आधी मोठा आवाज, मग त्याहून मोठा, आणि मग एकदम काहीच नाही. छाती वर यायचा प्रयत्न करायची, पोट हलायचं, पण नाकातोंडातून हवा म्हणून जायची नाही. मी मनात आकडे मोजायची. पंचवीसच्या पुढे गेले की कोपर मारायची. हे मोठ्याने धापा टाकून श्वास घ्यायचे, कूस बदलायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सकाळी यांना यातलं काही आठवायचं नाही. उलट मलाच विचारायचे, "तू मले झोपेत टोचून कावून राहते वं?"

बारा-तेरा वर्षं असं चाललं. भिलाईच्या मरोदा सेक्टरमध्ये वरच्या मजल्यावर आमचं क्वार्टर होतं. हे पोलादाच्या प्लान्टमध्ये फिटर, गॅसच्या पाइपलाइनींवर. तीन शिफ्टची ड्युटी असल्यामुळे यांच्या झोपेची वेळ दर आठवड्याला बदलायची आणि तिच्या मागे माझी. नाइट शिफ्टच्या आठवड्यात हे सकाळी आठला झोपायचे. तेव्हा मी कुकर लावायची नाही. शिट्टीच्या आवाजात यांचा श्वास ऐकू आला नसता. पातेल्यात वरण शिजत ठेवायची, बेडरूमचं दार उघडं ठेवायची आणि एक कान तिकडे लावून भाजी चिरायची. दोन्ही मुलं शिकायला बाहेर गेली होती, त्यामुळे घरात मी आणि हा आवाज एवढंच असायचं.

माझी भीती साधी होती. मला झोप लागली आणि नेमका तेव्हाच यांचा श्वास थांबला, तर उठवणार कोण? या एका भीतीपायी मी माहेरी वर्ध्याला मुक्काम करणं सोडलं होतं. सकाळच्या गाडीने जायची, आईला भेटायची आणि रात्रीपर्यंत परत. वहिनी म्हणायची, भिलाईत काय सोनं पुरून ठेवलंय का म्हणून. पुढे मी गेले, चांगली आठ-आठ दिवस राहिले, पण ते नंतरचं. त्या वर्षांत मला कोणाला खरं सांगताही यायचं नाही. नवरा घोरतो म्हटलं की सगळे हसायचे आणि आपापल्या नवऱ्याचं सांगायला लागायचे. कोणी नाकात तूप सोडायला सांगायचं, कोणी उशी काढून टाकायला. सगळं करून झालं होतं.

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं होती. छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं, आम्ही अजून पत्त्यात मध्य प्रदेश लिहायचो. यांचं बीपी वाढलं म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो, तर तिथे एक तरुण डॉक्टर होते. हे समोरच्या खुर्चीवर बसल्याबसल्या पेंगायला लागले. डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं आणि मग मला विचारलं, "झोपेत यांचा श्वास थांबतो का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला होता. मी पदर तोंडाला लावून रडत बसले आणि हे दचकून जागे झाले, तर त्यांना वाटलं आपल्याला काहीतरी भयंकर निघालं.

मग नागपूरला जाणं झालं. तिथे डोक्याला, छातीला वायरी लावून यांची झोप तपासली. घशातला मार्ग झोपेत मिटतो, म्हणून एका लहान मशीनने नाकातून सतत हवा द्यायची, म्हणजे तो उघडा राहील, असं सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी मला असंही समजावलं की श्वास थांबला की शरीर आपोआप जागं होतं, तुम्ही रात्रभर पहारा देण्याची गरज नाही. मी मान हलवली आणि त्यांच्यावर अजिबात विश्वास ठेवला नाही. ते काही आमच्या घरी झोपायला आले नव्हते.

मशीन विकणारा माणूस नागपूरचाच. फार घाईत होता. यांना खुर्चीवर बसवून त्याने नाकावर तो पारदर्शक रबरी मास्क ठेवला, डोक्यामागून पट्टे ओढले, मशीन दोन मिनिटं चालू करून दाखवलं, अर्धं हिंदीत आणि अर्धं इंग्रजीत काहीतरी भराभर सांगितलं आणि खोका बांधून दिला. गाडीत मी तो खोका मांडीवर घेऊन बसले. गोंदिया येईपर्यंत मी मनातल्या मनात झोपूनही घेतलं होतं.

घरी आल्यावर कळलं की मशीन हवा देतं, पण ती नाकात जाईलच असं नाही. यांची हवा मास्कच्या कडेने सुटून सरळ डोळ्यांत जायची. फुरफुर आवाज व्हायचा. सकाळी डोळे लाल. आता हे पडले गॅसच्या पाइपलाइनीचे फिटर. उभा जन्म लीक बंद करण्यात गेला. पाइप जोडला तिथून गॅस सुटला की काय करायचं, तर बोल्ट कसायचे. त्यांनी पट्टे कसले. हवा सुटतच राहिली, त्यांनी आणखी कसले. सकाळी मास्क काढला की गालांवर आणि कपाळावर असे वळ असायचे की प्लान्टमध्ये दोस्तांनी विचारलं, वहिनीने लाटणं कुठे कुठे मारलं म्हणून. हे घरी येऊन ते मला सांगायचे, जणू त्यात माझीच काही चूक होती.

मग त्यांना मिशीचा संशय आला. यांची मिशी म्हणजे घरातला एक मोठा सदस्य होता. लग्नात मी यांच्याआधी मिशीच पाहिली होती. केसांमुळे रबर नीट टेकत नाही, असं ठरवून त्यांनी एका रविवारी ती काढून टाकली. बाथरूममधून बाहेर आले ते वरचा ओठ हाताने झाकून. मला हसू आवरेना. त्या दिवशी ते शेजारच्या हुडको कॉलनीतल्या दुकानातही गेले नाहीत, मलाच पाठवलं. आणि रात्री मास्क लावला तर हवा होती तशीच सुटत होती. हे मिशीविना आरशासमोर बराच वेळ उभे राहिले, मला खरंच वाईट वाटलं.

तरी हार मानली नाही. प्लान्टमध्ये लीक सापडत नसली की जोडावर साबणाचं पाणी लावतात, जिथून बुडबुडे येतील तिथून लीक. त्यांनी वाटीत साबण कालवला, मास्क चढवला आणि मला ब्रशने कडेला लावायला सांगितलं. मीही शहाणी, लावला. बुडबुडे सगळीकडूनच आले आणि हवेने साबण उडून यांच्या डोळ्यांत गेला. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून त्यांनी मास्कच्या कडेला बसेल असं गॅस्केट तयार केलं. काम अगदी सुबक होतं, वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी नावाजलं असतं. पण सकाळपर्यंत त्याने नाकाच्या दांडीवरची कातडी सोलून काढली.

त्या दिवशी हे चिडले. मास्क, नळी, मशीन, सगळं खोक्यात कोंबलं आणि पलंगाखाली सरकवलं. "मले नाई पायजे हे. इतके दिवस जगलो न त्याच्याबिगर. मरीन तं मरीन."

मीही त्या वेळी थकले होते. मला राग आला की मी मोठ्याने बोलत नाही, उलट आवाज खाली जातो. मी म्हटलं, "तुमाले काय, तुमी झोपेत मराल. तुमाले कळणारबी नाही. मले मात्र जागेपणी पाहा लागंल."

यांनी खोका बाहेर काढला नाही. आठवडाभर तो पलंगाखाली राहिला आणि माझं कोपर पुन्हा कामाला लागलं. एकदा उपाय आहे हे कळल्यावर आकडे मोजणं मला जास्त जड जायला लागलं. आधी ते नशीब वाटायचं. आता पलंगाखाली मशीन होतं आणि पलंगावर हे गुदमरत होते.

शेवटी मी खाली गेले. आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये एक भाऊजी राहायचे, चंद्रपूरकडचे. दर पौर्णिमेला पांढरे कपडे घालून बुद्धविहारात जाणारे, शांत माणूस. ते प्लान्टच्या गॅस सेफ्टीत होते. गॅस सुटला की तोंडावर मास्क आणि पाठीवर हवेची टाकी घालून आत शिरायचं आणि माणसं बाहेर काढायची, हे त्यांचं काम. नवीन पोरांना मास्क घालायला तेच शिकवायचे. खरं तर मला हे महिनाभर आधी सुचायला हवं होतं. पण नवऱ्याच्या झोपेची गोष्ट दुसऱ्या माणसाला कशी सांगायची, या संकोचात मी वेळ घालवला. मी सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "संध्याकाळी येतो, वहिनी. चहा ठेवजा."

संध्याकाळी आले. यांना आवडलं नाही, पण घरी आलेल्या माणसाला कसं नाही म्हणणार. मुकाट्याने खोका ओढला. भाऊजींनी मास्क हातात घेतला, रबराची आतली पातळ कड बोटाने चाचपली आणि पहिल्यांदा ते सायकलचं गॅस्केट अलगद काढून टेबलावर ठेवलं.

"भाऊ, हा पाइपाच्या जोडाचा फ्लँज नाही," ते म्हणाले. "हे पातळ रबर आहे न, हे हवेनं फुगते अन् मंग तोंडावर बसते. तुमी कसून कसून त्याले चेपून टाकलं. चेपलं की ते मुडपते, मुडपलं की हवा सुटते. आमचे नवीन पोट्टेबी पयल्या दिवशी हेच करतात."

"सैल ठेवलं तं सुटणार नाही काय?" हे म्हणाले.

"झोपा तुमी. बसून नाही पाहायचं. झोपलं की गाल पसरतात, माणसाचं तोंडच बदलते."

हे पलंगावर आडवे झाले. भाऊजींनी मशीन चालू करायला लावलं, मास्क नाकावर ठेवला आणि वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हा मोठा आहे तुमाले. पाहा, खाली ओठावर येऊन राहिला अन् वर डोळ्याच्या कोपऱ्यात. नाकाच्या खालीच संपाले पायजे. याच्यापेक्षा लहान नाही मिळत काय?"

"असंल तं," हे मास्कमधून म्हणाले. "त्याच्यासंगं दोन होते अजून. ते स्पेअर आहेत."

भाऊजींनी मास्कवरून हात काढला.

"कुठं आहेत?" भाऊजींनी विचारलं.

"कपाटात."

ते कपाटात आहेत हे मलाही माहीत होतं. मीच ठेवले होते. नागपूरहून आल्या दिवशी यांनी दोन बंद पाकिटं माझ्याकडे दिली होती, नीट सांभाळ, स्पेअर आहेत म्हणून. मी ती लोखंडी कपाटात वरच्या खणात, माझ्या लग्नाच्या शालूखाली डांबराच्या गोळ्यांजवळ ठेवली होती. साडी काढताना ती पाकिटं बाजूला करायची आणि पुन्हा जपून तिथेच ठेवायची. मी ती आणून दिली. आत तसेच दोन रबरी भाग, एक मधला आणि एक लहान. तिन्हींतला कोणता बसतो ते पाहायला त्या घाईच्या माणसाने तीन दिले होते. यांना पहिला निघाला तो मोठा, तोच त्यांनी आपला मानला. माणूस अंगाने मोठा, म्हणून नाकही मोठंच असणार, असं मलाही वाटलं असावं.

भाऊजी आता मात्र हसले. इतके, की पलंगाच्या कडेवर बसले. हे उठून बसले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "हसून कावून राहिले? ओरिजनल खराब झाल्याशिवाय स्पेअर कोणी काढते काय?"

भाऊजी हसता हसता थांबले. त्यांनी थोडा विचार केला. "नाही काढत," ते म्हणाले. "मीबी ठेवले असते."

मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही माया आली. प्लान्टमधल्या माणसांचं हे असंच असतं. स्टोअरमधून जे हातात पडलं ते आपलं. बूट मोठे आले तर पुढे कापूस घालतील, हातमोजे लहान आले तर बोटं आखडून काम करतील, पण परत नेऊन दुसरा नंबर मागणार नाहीत. आणि स्पेअरला तर हात लावणं म्हणजे पाप. यांनी जन्मभर तेच केलं होतं आणि स्वतःच्या नाकाच्या बाबतीतही तेच केलं.

लहान रबर लावलं. भाऊजींनी यांना पुन्हा आडवं केलं, मशीन चालू असताना मास्क जरासा उचलून परत ठेवला, म्हणजे कड फुगून नीट बसली. पट्टे इतकेच ओढले की खाली दोन बोटं सरकतील. मग म्हणाले, "डोकं हलवा." यांनी इकडे हलवलं, तिकडे हलवलं. फुरफुर नाही. डोळ्यांत हवा नाही. हे छताकडे पाहत राहिले आणि पाच मिनिटांनी मला वाटलं ते नाराज आहेत, तर ते झोपले होते. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि भाऊजींचा चहा अजून द्यायचा होता.

जाताना भाऊजींनी सांगितलं की रोज तासभर जागेपणीही लावून बसायचं, पेपर वाचत, टीव्ही पाहत. सवय झाली की तोंड घाबरत नाही. हे नियमाचे पक्के, त्यामुळे रोज संध्याकाळी मास्क लावून पेपर वाचायला बसायचे. एकदा जवळच्या रुआबांधा वस्तीतून यांच्या ओळखीचे एक जण आले. दारातूनच त्यांनी हे पाहिलं आणि यांना आता फक्त काही दिवसांचे पाहुणे समजून माझ्याशी अतिशय हळू आवाजात बोलू लागले. हे पेपर खाली ठेवून मास्कमधूनच म्हणाले, "बसा न, चहा घ्या." ते बसले नाहीत.

आता सगळं नीट झालं म्हणून मी झोपले असेन असं कोणालाही वाटेल. मला झोप येईना. इतकी वर्षं आवाज थांबला म्हणजे धोका, हे माझ्या अंगात भिनलं होतं, आणि आता घरात आवाजच नव्हता. मशीनची बारीक सूं सूं आणि त्याखाली यांचा श्वास, इतका हलका की ऐकू यायचा नाही. मी उठून दिवा लावून बघायची. छाती वर, छाती खाली. पुन्हा आडवी व्हायची, पुन्हा उठायची. हे सकाळी ताजेतवाने उठून मला म्हणायचे, "तुले काय झालं? तोंड कावून उतरलं?" आठ-दहा दिवस असेच गेले. नाकावरची जखम भरली, वरच्या ओठावर सावली दिसेल अशी मिशी पुन्हा उगवू लागली, आणि मी मात्र जागीच.

मग फर्स्ट शिफ्टचा आठवडा आला. त्या आठवड्यात मी साडेचारला उठून डबा करायची, हे साडेपाचला स्कूटर काढायचे. एका सकाळी मी डोळे उघडले तर भिंतीवर ऊन होतं. ऊन इतकं वर आलेलं मी बिछान्यातून कधी पाहिलं नव्हतं. शेजारी हात लावला तर जागा रिकामी. धावत बाहेर आले. स्वयंपाकघरात कांदा चिरून ठेवलेला, कढईत पोहे होते, अर्धे खाली लागलेले. मास्क धुऊन टॉवेलवर वाळत घातला होता. दारात दुधाचं पातेलं खालच्या भाऊजींच्या घरच्या वहिनींनी झाकून ठेवलेलं. त्यांनी जिन्यातून सांगितलं की हे जाताना सांगून गेले, वर बेल कोणी वाजवू नका. साडेनऊ वाजले होते. मी जागची हलले नाही, तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. हातपाय हलके झाले होते. कित्येक वर्षांत मी एवढी झोपले नव्हते.

दुपारी अडीचला हे आले. मी भांडायलाच तयार होते, कारण यांनी डब्याविना काम केलं असणार हे मला कळत होतं. ताट वाढता वाढता म्हटलं, "उठवलं कावून नाही मले?"

यांनी हात धुतले, टॉवेल शोधला, पाटावर बसले.

"मी पाहून राहिलो होतो तुले," ते म्हणाले. "झोपलेली. इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं न. मी झोपलो की तू जागी, मी उठलो की तू उठलेली. उभं राहूनच पाहिलं, अन् मंग लेट झालो. पंचिंगवर लाल लागलं आज."

यांच्या कार्डावर त्याआधी कधीही लेट लागलेलं नव्हतं. याचा यांना भारी अभिमान होता, आल्यागेल्याला सांगायचे.

"मंग तं उठवाचं होतं," मी म्हटलं.

"नाही वं. मले उठव उठव करून तू थकली. आता कोणीच कोणाले उठवाचं नाही."

मी भात वाढत होते. हात थांबला आणि मला रडू आलं, अगदी हमसून. यांनी माझ्या हातातलं भाताचं भांडं घेतलं, खाली ठेवलं, आणि माझ्यासाठी दुसरं ताट मांडलं.